ग्रुप क्लासमधला वेग, दम आणि फॉर्म: बॅचमधून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न

दादरला आमच्या ग्रुप व्यायामाच्या सकाळच्या दोन बॅचेस असतात, सहाची आणि सातची, एका जुन्या गाळ्यात. एसी नाही, दोन मोठे पंखे आहेत आणि भिंतीवर एक पांढरा बोर्ड. क्लास सुटल्यावर बूट सोडता सोडता, नाहीतर रात्री व्हॉट्सअॅपवर, तेच तेच प्रश्न येत राहतात आणि मी तीच उत्तरं तुकड्यातुकड्यात देत राहते, म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून काढलंय. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. जिथे उत्तर दुसरीकडे आलंय तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय. बीपी, शुगर, हार्ट असं काही असेल तर बाकी काही वाचायच्या आधी प्रश्न १६ वाचा.

१. ताई, पेसिंग म्हणजे नक्की काय? हळू करायचं एवढंच ना?

नाही. वर्कआउट वीस मिनिटांचं असेल तर विसाव्या मिनिटालाही हातपाय नीट चालतील असा वेग पहिल्या मिनिटापासून धरणं, याला मी पेसिंग म्हणते. गाणारी मंडळी दमसास म्हणतात ना, तान कुठे संपवायची ते आधी माहीत असेल तरच श्वास पुरतो, तसंच हे. आपल्याकडे आरंभशूर असा छान शब्द आहे, नवीन येणारे जवळजवळ सगळे पहिले दोन महिने आरंभशूर असतात आणि त्यात त्यांची चूक पण नसते, कारण पहिल्या मिनिटाला खरंच काही जाणवत नाही. स्नायूंमध्ये पहिल्या आठ-दहा सेकंदांच्या जोरापुरती ऊर्जा तयार असते, ती वापरताना दम लागत नाही, मग पुढची सोय व्हायला लागते नि दम लागतो तो दीड-दोन मिनिटांनी, तोपर्यंत खर्च करून झालेला असतो.

२. बोर्डवर एएमआरएपी, ईएमओएम, फॉर टाइम असं लिहिलेलं असतं. प्रत्येकात वेग वेगळा ठेवायचा का?

हो. एएमआरएपी म्हणजे ठरलेल्या वेळात जमतील तेवढे राउंड. तुम्ही लवकर दमलात म्हणून घड्याळ लवकर थांबत नाही, त्यामुळे सगळ्यात सांभाळून सुरुवात इथे करायची. फॉर टाइममध्ये काम ठरलेलं असतं, ते संपलं की तुम्ही सुटलात, इथे शेवटच्या पाव भागात जोर लावायला मुभा आहे. ईएमओएममध्ये दर मिनिट सुरू झालं की ठरलेले रेप्स, म्हणजे ती हालचाल ठरलेल्या वेळा, करायचे नि मिनिटाचा उरलेला वेळ आराम. काम ४० सेकंदांत आटपत नसेल तर रेप्स कमी करा, कारण तो आराम त्या वर्कआउटचाच भाग आहे, उरलासुरला वेळ नव्हे. टबाटाचं प्रकरण वेगळं आहे, ते प्रश्न १९ मध्ये.

३. मग सुरुवात किती वेगाने करू? आकडा सांगा ना.

आकडा ज्याचा त्याचा, पण काढायचा कसा ते सांगते. क्रॉसफिटमधलं सिंडी नावाचं वर्कआउट घ्या, २० मिनिटांचं एएमआरएपी, एका राउंडला ५ पुल-अप, १० पुश-अप, १५ स्क्वॉट. मिनिटाला एक राउंड पकडला तर शेवटी १०० पुल-अप, २०० पुश-अप आणि ३०० स्क्वॉट होतात. आता स्वतःला विचारा, माझ्याने आज २०० पुश-अप होतील का? होणार नसतील तर पहिला राउंड ४५ सेकंदांत उडवून काय मिळालं? दीड मिनिटाला एक राउंड धरलात तर तेरा होतात, म्हणजे १३० पुश-अप, हे आकडे मनाला पटतात का बघा, नाही पटले तर अजून खाली या. सगळ्यात आधी जे संपणार आहे, बहुतेकांचे पुश-अप, त्याच्यावरून वेग ठरवायचा, जे सोपं जातं त्याच्यावरून नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. पहिला राउंड झाला की एक आख्खं वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे, 'आज पाऊस येईल असं वाटतंय' एवढं तरी. मधल्या राउंडना तीन-चार शब्द. शेवटच्या राउंडला काही नाही बोलता आलं तरी हरकत नाही.

पूर्वी मी बोर्डवर फक्त शेवटचं टायमिंग लिहायचे, आता राउंडवार लिहिते, त्याचं कारण आमच्या सातच्या बॅचमधल्या एक ताई. पाच राउंड होते, गल्लीच्या टोकाला जाऊन परत असे २०० मीटर धावणं, १२ केटलबेल स्विंग (कडी असलेलं गोळ्यासारखं वजन झुलवणं, प्रश्न ९), १० बर्पी (प्रश्न ८). त्यांचे राउंड पडले २:१०, २:५०, ३:४०, ४:२५ आणि ४:३०. एकूण १७:३५. चौथ्या राउंडला त्या गुडघ्यांवर हात ठेवून नुसत्या जमिनीकडे बघत उभ्या होत्या, घाम टपटप रबरच्या मॅटवर पडत होता. पंधरा दिवसांनी तेच वर्कआउट तेच वजन परत लावलं आणि त्यांना एवढंच सांगितलं की पहिला राउंड सव्वातीन मिनिटांच्या आत संपवायचा नाही. ३:१५, ३:१५, ३:२०, ३:२०, ३:०५. एकूण १६:१५. पंधरा दिवसांत कुणाची ताकद इतकी वाढत नाही हो, एक मिनिट वीस सेकंद निव्वळ सुरुवात सावरल्यामुळे वाचले, आणि शेवटचा राउंड सगळ्यात फास्ट पडला. त्या बोर्डचा फोटो मी अजून ठेवलाय, नवीन माणूस आला की आधी तो दाखवते.

४. माझं वॉच १७५-१८० हार्ट रेट दाखवतं. थांबायला हवं का?

आकडा बघून एकदम घाबरू नका. २२० वजा वय हा सूत्राचा कमाल आकडा सरासरीचा आहे, खऱ्या माणसाचा त्याच्यापेक्षा दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज असतो, म्हणजे चाळिशीतल्या एखाद्याचा खरा कमाल १८० नसून १९० सुद्धा असेल. शिवाय मनगटावरचं वॉच केटलबेल, बार, बर्पी या प्रकारात हमखास गंडतं, मनगट वाकतं, मूठ आवळली जाते, पट्टा घामाने सरकतो. छातीचा पट्टा त्यामानाने भरवशाचा. मी स्वतः लोकांना १ ते १० मध्ये किती कठीण वाटतंय ते विचारते, वीस मिनिटांच्या वर्कआउटला पहिल्या निम्म्यात ६-७ च्या वर जाऊ नका. पण छातीत दुखणं किंवा दडपण, डोळ्यापुढे अंधारी, ठोके मध्येच चुकल्यासारखे वाटणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, यातलं काहीही झालं तर आकडा कितीही असो, तिथल्या तिथे थांबायचं आणि मला सांगायचं, गपचूप पाणी प्यायला जायचं नाही.

५. २१ थ्रस्टर असतील तर सलग मारू की तुकडे करू?

तुकडे, आणि तेही दमायच्या आधी. थ्रस्टर म्हणजे बार खांद्यांवर घेऊन स्क्वॉट आणि उठता उठता तो डोक्यावर ढकलणं. यावर लोक माझ्याशी सगळ्यात जास्त वाद घालतात. 'सोळापर्यंत सलग जातात ना, मग थांबू कशाला?' थांबायचं यासाठी की सोळाव्यानंतर जो थांबा घ्यावा लागतो तो पंचवीस-तीस सेकंदांचा असतो, बार पायाशी पडलेला, माणूस पंख्याखाली, आणि परत हात लावायची इच्छा होत नाही. त्याऐवजी ८-७-६ करून दोनदा पाच-पाच श्वास घेतलेत तर दोन्ही थांबे मिळून वीस सेकंद होत नाहीत. श्वास मोजून बार उचलायचा ही सवय लावा, घड्याळाकडे बघायला गेलं की सेकंद पसरतात.

तुकडे उतरते ठेवा, ८-७-६, ६-८-७ असं नको, नंतरचा सेट आधीच्यापेक्षा छोटा आहे हे मनाला माहीत असलं की हात बारकडे लवकर जातो. ज्या प्रकारात सलग तुमचे जास्तीत जास्त २० होतात तिथे क्लासमध्ये एका सेटला १० ते १२ च्या पुढे जाऊ नका. पुश-अपला तर याहून कमी, कारण पुश-अप हळूहळू कमी होत नाहीत, एकदम संपतात, आत्ता दहा होत होते आणि पुढच्या मिनिटाला दोन होत नाहीत.

६. श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा? मी तर धरूनच ठेवतो.

जोर लावताना सोडायचा, परत येताना घ्यायचा. स्क्वॉटमधून उठताना सोडा, पुश-अपमध्ये वर येताना सोडा, रोइंगला पाय ढकलताना सोडा. खूप जड एकच रेप उचलताना पोट आवळून क्षणभर श्वास धरतात ते वेगळं, वीस-तीस रेप्सच्या सेटमध्ये ते करायला गेलात तर चक्कर येईल. आणि थांब्यात वाकून उभे राहण्याबद्दल नेहमी विचारतात, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलात तरी चालेल, त्याने श्वास सावरायला मदतच होते, फक्त तोंडाने भराभर वरवर श्वास घेण्याऐवजी एकदा लांब सोडा, पूर्ण रिकामा करा, मग आपोआप खोल भरला जातो.

७. फॉर्म बिघडतोय हे स्वतःला कसं कळणार? आरसा तर नाही.

फॉर्म म्हणजे हालचाल करताना अंगाची ठेवण. आरसा मुद्दाम नाही लावलेला, लोक मान वाकडी करून बघत बसतात. कळायच्या खुणा आहेत. एक, आवाज. उडी मारून उतरताना पहिल्या राउंडला पायांचा आवाज हलका असतो, फॉर्म सुटला की धप्प धप्प यायला लागतो. दोन, जागा. बर्पी करता करता मॅटवरून सरकत गेलात, किंवा स्क्वॉटमध्ये एक पाऊल पुढे नि एक मागे झालं, तर सुटतंय. तीन, कुठे दुखतंय. स्विंगनंतर मागून मांड्या आणि कुल्ले भरून आले तर बरोबर, कंबर भरून आली तर चूक. चार, तोंड. दातओठ खाऊन, खांदे कानापर्यंत चढवून रेप्स ओढत असाल तर पुढचे दोन रेप्स सोडून द्या नि श्वास घ्या.

या सगळ्यात माझा एकच आग्रह आहे आणि तो मी सोडणार नाही, वेग कमी करायचा सिग्नल दम नाही, फॉर्म आहे. दम लागलाय पण रेप्स पहिल्यासारखे पडतायत तर चालू ठेवा. दम फारसा नाही पण कंबर गोल व्हायला लागलीये तर थांबा, वजन कमी करा, मग पुढे जा. लोक नेमकं उलटं करतात.

८. बर्पीने जीव जातो. सोप्पी पद्धत आहे का काही?

आहे. ही बर्पी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉयल बर्पी यांनी माणसाची तंदुरुस्ती तपासायला काढली होती, उभं राहायचं, बसायचं, पाय मागे टाकायचे, पुढे घ्यायचे, उभं राहायचं, संपलं. त्यात छाती जमिनीला लावणं नव्हतं, उडी नव्हती, आणि शंभर करणं तर नव्हतंच. तेव्हा खूप बर्पी असल्या की उडी मारत खाली पडू नका. हात टेका, एक पाय मागे, दुसरा पाय मागे, छाती खाली, उठताना एक पाय पुढे, दुसरा पुढे, वर छोटीशी उडी, तळवे जमिनीवरून निघाले की पुरे. दिसायला हळू वाटतं पण न थांबता चालू राहतं. पाय पुढे घेताना हातांच्या बाहेरच्या बाजूला आणा, हातांच्या मागे राहिले की उठताना सगळा भार कंबरेवर. आणि जमिनीवर पोहोचलात की श्वास सोडा, तिथे एक क्षण फुकटचा आराम असतो.

९. केटलबेल स्विंगने कंबर दुखते.

कारण तुम्ही बैठक मारताय आणि हातांनी उचलताय. स्विंग हा खुब्यातून वाकायचा प्रकार आहे. दोन्ही हातात पातेलं असताना ओट्याखालचा ड्रॉवर आपण बुडाने लोटून बंद करतो ना, तीच हालचाल. बूड मागे, गुडघे किंचित मोडलेले, नडगी सरळ, पाठ फळीसारखी. केटलबेल मांड्यांच्या वरच्या भागात, गुडघ्यांच्या बऱ्याच वर राहिली पाहिजे, गुडघ्यांमधून खाली गेली की कंबर गेलीच. वर आणताना कुल्ले आवळून उभं राहा, हात नुसत्या दोऱ्या. भिंतीपासून एक पाऊल पुढे, भिंतीकडे पाठ करून उभे राहा आणि केटलबेल न घेता बुडाने भिंत शिवायची, असं दहा वेळा रोज केलंत तर आठवड्यात फरक कळेल. तरीही दुखलं, किंवा कळ पायात उतरत असेल, तर स्विंग बंद आणि आधी डॉक्टर.

१०. मी आखाड्यात जोर-बैठका मारलेल्या आहेत. तुमचा स्क्वॉट का चुकतो म्हणता?

चुकत नाही, वेगळा आहे. बैठकेत टाचा उचलल्या जातात, गुडघे पुढे जातात, हातांच्या झोक्याने लय धरली जाते, आणि ती लय फार सुंदर असते, बॅचमध्ये आखाड्यातून आलेले आहेत त्यांचा दम आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला आहे. पण हातात बार किंवा सहा किलोचा वॉल बॉल (भिंतीवर फेकायचा जड चेंडू) आला की टाचा जमिनीला टेकलेल्याच हव्यात, नाहीतर वजन पुढे ओढतं. टाच टेकत नसेल तर घोटा आखडलाय, टाचेखाली अडीच किलोची प्लेट ठेवा नि रोज दोन मिनिटं खाली बसून राहा, भारतीय पद्धतीच्या संडासाची सवय सुटलेल्यांना तर हे हवंच.

११. रोइंग मशीनवर मी जिवाच्या आकांताने ओढतो तरी बाजूचे माझ्यापुढे कसे?

ओढताय म्हणूनच. आधी पाय ढकला, पाय सरळ होत आले की पाठ किंचित मागे, शेवटी हात छातीकडे. परत जाताना उलट, आधी हात, मग पाठ, मग गुडघे मोडा. बहुतेकजण गुडघे आधी मोडतात आणि मग हँडल त्यांच्यावरून उचलून घेतात. बाजूचा लिव्हर दहावर लावू नका, तीन ते पाचच्या मध्ये पुरे. मिनिटाला २४ ते २८ स्ट्रोक.

आता वेगाचं गणित बघा, हे एकदा समजलं की सुरुवातीला कुणी उधळणार नाही. या मशीनवर वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते. ५०० मीटरला दोन मिनिटं या वेगाला साधारण २०० वॅट लागतात, तेच एक मिनिट पन्नासने जायचं तर २६०. म्हणजे वाचतात दहा सेकंद आणि जोर लागतो तीस टक्के जास्त. त्यानंतर लगेच थ्रस्टर असतील तर ते दहा सेकंद तिथे व्याजासकट जातात. रोइंग मधे आलं तर दोन-तीन सेकंद हळूच ठेवा.

१२. बॉक्स जंपला खालीही उडी मारूनच यायचं का?

नाही, वर उडी, खाली एक-एक पाय टाकून. दमलेल्या अवस्थेत मागे उडी मारून लगेच परत वर उसळी घेताना टाचेमागची शीर तुटल्याचे प्रकार होतात आणि त्यातून बरं व्हायला महिने जातात. वेळ फार जात नाही, उलट उतरताना श्वास मिळतो.

१३. बाजूचा फास्ट जायला लागला की माझा वेग आपोआप वाढतो, काय करू?

सगळ्यांचं होतं आणि ग्रुपमध्ये यायचं कारणही तेच आहे, एकटं कुणी एवढं करत नाही. त्या ओढीचा उपयोग शेवटच्या पाव भागात करा, सुरुवातीला नको. स्वतःहून दहा-बारा टक्के हळू असणाऱ्याच्या शेजारी जागा घ्या, किंवा भिंतीकडे तोंड करा. एक दादा खडूने मॅटच्या कडेला प्रत्येक राउंडला एक रेघ मारतात आणि त्याशिवाय मान वर करत नाहीत, मला ती पद्धत फार आवडते. दुसऱ्याचं वजन, त्याची झोप, तो किती वर्षं करतोय हे आपल्याला काही माहीत नसतं.

१४. मला ७:५२ ची पकडायची असते, वॉर्म-अप सोडला तर चालेल?

नाही. वेळ कमी असेल तर वर्कआउटचे राउंड कमी करा, वॉर्म-अप नाही. थंड अंगाने जोरात सुरुवात केली की तीन-चार मिनिटं दम नको इतका लागतो आणि ते 'आज बॉडीच साथ देत नाहीये' असं वाटतं. अगदी सहा मिनिटं असतील तर दोन मिनिटं दोरी, मग त्या दिवशीच्याच हालचाली रिकाम्या हाताने, मग हलक्या वजनाने एक छोटा राउंड. सूर्यनमस्कार ओळखीचे असतील तर सहा-आठ घाला, उत्तम चालतात. आणि संपल्यावर धावत स्टेशनच्या जिन्यावर सुटू नका, तीन मिनिटं चाला, एकदम थांबलं की रक्त पायात साठतं नि गर्दीत चक्कर येते.

१५. डिसेंबरमध्ये जमतं ते मे आणि ऑक्टोबरमध्ये का जमत नाही?

कारण मुंबई. घाम येऊन अंग थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं, आणि हवेत एवढा दमटपणा असताना तो वाळतच नाही, नुसता गळतो. मग शरीर रक्त कातडीकडे पाठवतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. तुम्ही कमजोर नाही झालात. एप्रिल, मे आणि पाऊस गेल्यानंतरच्या पंधरवड्यांत मी राउंडचा वेळच पाच-दहा टक्के वाढवून धरते नि थांबे आधीच लिहून देते. नवीन गरमीची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस टायमिंगचा पाठलाग नको.

पाणी तहानेप्रमाणे, तासाभराच्या आत क्लास असेल तर साधं पाणी पुरतं. कपडे पिळून घाम निघतोय अशा दिवशी घरचं मीठ-साखरेचं पाणी करा, एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पण भीतीपोटी तांब्यावर तांबे साधं पाणी ढोसू नका, त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही धोक्याचं आहे. अंगावर शहारे, घाम थांबणं, बोलणं अडखळणं असं काही दिसलं तर तो माणूस सावलीत, ओल्या पंच्याने पुसायचं, वारा घालायचा, आणि लगेच दवाखाना.

१६. बीपीची गोळी चालू आहे / शुगर आहे. मला हे सगळं लागू होतं का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचे इंटरव्हल सुरू करू नका, आणि नुसतं 'व्यायाम करू का' असं विचारू नका, त्यांना काय प्रकारचा, किती मिनिटं, किती दम लागणारा ते सांगा. बीपीच्या किंवा हार्टच्या काही गोळ्या, बीटा ब्लॉकर म्हणतात त्या, ठोके वाढूच देत नाहीत, त्यामुळे प्रश्न ४ मधला २२० चा हिशोब त्यांना चालत नाही, वॉच १२५ दाखवतं आणि माणूस पार थकलेला असतो. तिथे बोलता येतंय का हीच कसोटी, आणि पूर्ण वाक्य शेवटपर्यंत बोलता आलं पाहिजे. श्वास रोखून वजन उचलणं बीपीवाल्यांनी टाळायचं. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या असतील तर खिशात ग्लुकोज ठेवा, थरथर, थंड घाम, गोंधळल्यासारखं वाटणं म्हणजे दमणं नव्हे, शुगर उतरलीये.

१७. सकाळी रिकाम्या पोटी येऊ का? आणि उपवासाला?

सहाच्या बॅचला बहुतेकजण एक केळं किंवा दोन खजूर खाऊन येतात, तेवढं पुरतं, रात्री नीट जेवला असाल तर नुसत्या चहावर पण चालतं. एकादशीला किंवा नवरात्रात साबुदाण्यावर दिवस काढत असाल तर यायला हरकत नाही, पण वेग पहिल्या राउंडच्या बोलण्याच्या पातळीवरच शेवटपर्यंत ठेवायचा आणि वजन निम्मं. निर्जळी असेल त्या दिवशी क्लास नको, रोझा असणाऱ्यांनाही हेच, संध्याकाळी रोझा सोडल्यावर तास-दोन तासांनी हलका व्यायाम बरा.

१८. बाळंतपणानंतर दोरीच्या उड्या मारताना लघवीचे थेंब सुटतात. लाज वाटते विचारायला.

लाजू नका, दर महिन्याला कुणीतरी मला हे कानात येऊन विचारतं. हे खूप जणींना होतं, पण 'होतच असतं' म्हणून सोडून द्यायचं नाही, यावर इलाज आहे. ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडलेत, त्यांचा व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट मुंबईत मिळतात, एकदा दाखवून घ्या. तोपर्यंत उड्यांऐवजी स्टेप-अप, रोइंग, सायकल. वजन उचलताना श्वास धरू नका, उचलण्याआधीच सोडायला सुरुवात करा, पोटातला दाब कमी होतो. आणि क्लासमध्ये मोठ्याने कारण सांगायची गरज नाही, 'आज उड्या नको' एवढं पुरे.

१९. मग पहिल्यापासून पूर्ण जोर लावायचा असं कधीच नाही का?

आहे ना. टबाटा हा त्यातलाच. १९९६ मध्ये इझुमी टबाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा जो प्रसिद्ध अभ्यास आला त्यात सायकलवर २० सेकंद जोर, १० सेकंद आराम, आणि जोर इतका की सात-आठ फेऱ्यांत माणूस पुढे चालवूच शकत नाही. आठ फेऱ्या म्हणजे चार मिनिटं. आता आपल्याकडे अर्ध्या तासाच्या मऊ सर्किटला पण टबाटा म्हणतात, तो टबाटा नाही, त्यात प्रश्न ३ प्रमाणेच वेग धरा. खरा पूर्ण जोर फक्त सायकल, रोइंग, धावणं अशा प्रकारात, जिथे फॉर्म सुटला तरी अंगावर काही पडत नाही. बार हातात घेऊन कधीच नाही. आठवड्यातून असा एखादा दिवस, फार तर दोन.

२०. गणपतीत दहा-बारा दिवस खंड पडला. परत आल्यावर नॉर्मल अंगदुखी आणि धोक्याची अंगदुखी कशी ओळखायची?

नॉर्मल दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, जिना उतरताना मांड्या बोलतात, हललं की मोकळं वाटतं, पाच दिवसांत जातं. धोक्याचं वेगळं. हात किंवा पाय सुजून टणक होणं, कोपर सरळच न होणं, प्रचंड अशक्तपणा, आणि मुख्य म्हणजे लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणं. याला रॅबडोमायोलिसिस म्हणतात, स्नायू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि किडनीवर ताण येतो. तेव्हा घरी गरम पाण्याने शेकत बसायचं नाही, वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

हे बहुतेक वेळा नवख्याला किंवा मोठ्या खंडानंतर परत आलेल्या जुन्या माणसाला होतं, जुन्याला जास्त, कारण मनाला आधीचे आकडे आठवत असतात. म्हणून विसर्जनानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांचे रेप्स निम्मे करते, पुल-अपला सावकाश खाली येणं तर बंदच ठेवते.

२१. हायरॉक्स करायचंय. क्लासमधलं पेसिंग तिथे चालेल?

हायरॉक्स म्हणजे धावणं आणि व्यायाम एकत्र असलेली शर्यत. तत्त्व तेच, अंतर मोठं. मे २०२५ मध्ये गोरेगावच्या नेस्कोत मुंबईतलं पहिलं हायरॉक्स झालं तेव्हापासून हा प्रश्न वाढलाय. आठ वेळा एक-एक किलोमीटर धावणं आणि प्रत्येक धावण्यानंतर एक स्टेशन, स्की मशीनपासून सुरू होऊन स्लेड ढकलणं, ओढणं, बर्पीच्या लांब उड्या, रोइंग, वजन हातात घेऊन चालणं, सँडबॅग घेऊन लंजेस (एक-एक पाय पुढे टाकत गुडघे मोडून खाली जाणं) आणि शेवटी वॉल बॉल. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ बहुतेकांचा धावण्यातच जातो. पहिला किलोमीटर तुमच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीच्या वेगापेक्षाही जरा हळू ठेवा. जानेवारीतल्या मॅरेथॉनला पेडर रोडच्या चढावर जे चालताना दिसतात ते बहुतेक सुरुवातीला मजेत उधळलेले असतात, तसंच इथे स्लेडनंतर दिसतं.

सरावासाठी शिवाजी पार्कचा कट्टा छान आहे, एक फेरी सव्वा किलोमीटरच्या थोडी आत भरते. एक फेरी धावा, लगेच ४० लंजेस, परत फेरी, परत लंजेस, असं चार वेळा. प्रत्येक फेरीचा वेळ लिहून ठेवा. चौथी फेरी पहिलीपेक्षा वीस सेकंदांहून जास्त हळू पडली तर पुढच्या वेळी पहिली हळू.

२२. कोच ओरडतोय 'अजून एक, अजून एक' आणि माझा फॉर्म गेलाय. कुणाचं ऐकू?

स्वतःच्या कंबरेचं. मी शिकत होते तेव्हा एका ठिकाणी असंच शेवटच्या मिनिटाला डोक्यावरून बार ढकलायला लावला होता, माझा डावा खांदा सुटत होता हे मला कळत होतं, सगळे टाळ्या वाजवत होते, मी ढकलला. पुढचे चार महिने मला वरच्या फळीवरचा डबा काढता येत नव्हता. चांगला कोच 'अजून एक' म्हणताना तुमचे पाय आणि पाठ बघत असतो, पण अठरा जणांच्या बॅचमध्ये एकाच वेळी सगळ्यांच्या पाठी दिसत नाहीत, मलाही नाही दिसत. म्हणून आमच्याकडे ठरलेलं आहे, फॉर्म सुटला की बार खाली ठेवायचा आणि एक हात वर करायचा, बोलायचं काही नाही, मी येऊन वजन बदलून देते. बोर्डवर तुमच्या टायमिंगपुढे ते नवीन वजन लिहिलं जातं आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायचं. आठ आणि बारा किलोच्या केटलबेल दाराजवळच्या कोपऱ्यात असतात, हलके बार पंख्याखाली.